कॅप श्राउडची एक तार तुटली, एकच वायर बदलू की सगळं रिगिंग?

हार्बर_वारा

नमस्कार मंडळी, इथे शिडाच्या बोटीवाले थोडेच आहेत माहितीये पण जे आहेत ते जाणकार आहेत म्हणून विचारतोय. बोट २४ फुटी, फायबरची कीलबोट, मी आणि एका मित्राने मिळून सेकंडहँड घेतलेली. सीझनभर गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधून) होती, मे अखेर पाऊस यायच्या आत क्रेनने वर काढली आणि मास्टही (डोलकाठी) उतरवून घेतला, तो आता यार्डात घोड्यांवर आडवा ठेवलाय. मास्ट डेकवर उभा राहणारा आहे, स्प्रेडरची (बाजूच्या वायरी मास्टपासून लांब धरणाऱ्या दांड्यांची) एकच जोडी. मास्टला धरणाऱ्या वायरी (म्हणजेच रिगिंग) एकूण सहा, बाजूंना दोन कॅप श्राउड (मास्टच्या टोकापासून डेकपर्यंत) आणि दोन लोअर (स्प्रेडरपासून खाली), पुढे फोरस्टे आणि मागे बॅकस्टे. कॅप आणि फोरस्टे ५ मिमी, बाकी ४ मिमी.

परवा गोड्या पाण्याने सगळं धुऊन वायरींवरून फडकं फिरवत होतो तर स्टारबोर्डच्या (उजव्या बाजूच्या) कॅपला अगदी खाली फडकं अडकलं. बघतो तर वायर जिथे स्वेजच्या (टोकाला दाबून बसवलेल्या) नळीत शिरते बरोब्बर तिथेच एक तार तुटून नखाएवढी बाहेर आलीये, आणि नळीच्या तोंडाशी तपकिरी ओघळ. तिथून वर मास्टच्या टोकापर्यंत वायर मात्र चकचकीत, हात फिरवला तरी कुठे काही लागत नाही.

आता मित्राचं म्हणणं तेवढी एक वायर बदलू, बाकी पाच चांगल्या दिसतायत. यार्डातला फिटर म्हणतो वायर पण नको बदलू, खालचं टोक कापून वायर थिंबलवरून (धातूच्या वळणदार खोबणीवरून) वळवून देतो, तीन यू-क्लॅम्प मारतो, थोडी आखूड होईल ती टर्नबकलमध्ये (ताण कमीजास्त करायच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये) जुळेल. आणि नागदेवी स्ट्रीटला चौकशी केली तर स्टेनलेसची ५ मिमी वायर मीटरवर मिळते, खूपच स्वस्त. रिगिंग कधी बदललं होतं ते आधीच्या मालकाला आठवत नाही, त्याने घेतली तेव्हापासून हेच आहे म्हणाला. मास्ट खालीच आहे आणि पाऊस संपेपर्यंत वेळच वेळ आहे, पैसे मात्र जपून वापरायचेत. काय करावं?

बोसन_अलिबाग

अरे बाबा सगळ्यात आधी ती तार तुला मास्ट खाली असताना सापडली हे चांगलं झालं, हीच गोष्ट फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटलेला असताना कळली असती तर वेगळ्या पद्धतीने कळली असती. मी मर्चंट नेव्हीत बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होतो, आयुष्य वायर आणि दोरात गेलं, तर नीट ऐक.

यू-क्लॅम्पचा विचार डोक्यातून काढून टाक. तुझी वायर १×१९ आहे, म्हणजे एकोणीस जाड तारा, मधे एक, तिच्याभोवती सहा आणि बाहेर बारा. ही वायर सरळ ताणासाठी बनलेली आहे, ती सळईसारखी ताठ असते, थिंबलवरून वळवलीस तर वळणावर बाहेरच्या तारा तिथेच दुखावतात. क्लॅम्प आणि थिंबल मऊ वायरसाठी, ७×१९ साठी, आणि तिथेसुद्धा समुद्रात वेळ निभावून न्यायला. फिटरचा हेतू वाईट नाही, त्याने क्रेनच्या आणि ट्रॉलरच्या वायरी केल्या असतील त्यामुळे त्याला ते सुचलं.

आता वायर वरून चकचकीत आणि खाली तुटकी असं का, ते समजून घे म्हणजे पुढचा निर्णय आपोआप होईल. स्टेनलेस गंजत नाही ते तिच्यावर क्रोमियमचा अगदी पातळ ऑक्साइडचा थर असतो म्हणून, आणि तो थर टिकायला हवा लागते, ऑक्सिजन लागतो. मोकळ्या वायरला वारा लागतो, पाऊस धुतो, ती छान राहते. खालच्या स्वेजचं तोंड वर असतं. वायरवरून ओघळलेलं खारं पाणी त्याच तोंडातून आत उतरतं आणि बसून राहतं, आत हवा नाही, वर मुंबईचं ऊन, पाणी सुकून मीठ आणखी घट्ट होतं. थर मोडतो आणि तार आतल्या आत खायला लागते. वरच्या टोकाच्या स्वेजचं तोंड खाली असतं, पाणी निथळून जातं, म्हणून बहुतेक वेळा खालचंच टोक आधी जातं.

म्हणजे जी तार तुटली ती दिसली एवढंच. आतल्या बाकीच्या तारांचं काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. आणि तुझ्या पोर्टच्या (डाव्या बाजूच्या) कॅपचं खालचं टोक तितकंच जुनं, त्याने तेवढंच पाणी प्यायलंय, तेवढाच ताण खाल्लाय. सहाच्या सहा बदल. मित्राला सांग की पाच चांगल्या दिसतायत हे बरोबर आहे, पण दिसण्यावर या कामात भरवसा ठेवता येत नाही.

हार्बर_वारा

धन्यवाद काका, तोंड वर असतं हे वाचलं आणि जाऊन सगळी खालची टोकं भिंगातून बघितली. पोर्टच्या लोअरच्या स्वेजवर लांबीच्या दिशेने केसासारखी एक रेघ आहे, ओरखडा आहे की चीर ते कळत नाहीये. आणि नागदेवीच्या दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणाला ३१६च (स्टेनलेसची खाऱ्या पाण्याची ग्रेड) आहे. ती घ्यायला हरकत नाही ना?

मांडवीकर

चुंबकावर जाऊ नका भाऊ. ३०४ आणि ३१६ दोन्ही मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, आणि तार ओढून बारीक केली की दोन्ही थोड्या थोड्या चिकटायला लागतात, तेव्हा त्या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, साधारण २ ते ३ टक्के, खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो त्याच्यामुळे. ३०४ ताकदीला जरा जास्तच भरते पण आपल्या हवामानात लवकर डागाळते. वायरसोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, नसेल तर घेऊ नका. आणि वायरीचं टोक बघितलंत का? दुकानात मीटरवर मिळते ती बहुतेक ७×१९ असते, बारीक बारीक तारांच्या सात लडी, हातात घेतली की सहज वळते. ती स्टीअरिंगला, लाइफलाइनला वगैरे. श्राउडला लावलीत तर त्याच जाडीला ताकद कमी आणि लांबते जास्त, मास्ट कधी सरळ राहणारच नाही, वाऱ्याच्या दर झोताला खालच्या बाजूला झुकत राहील. ५ मिमी १×१९ ची तुटण्याची ताकद साधारण दोन टनाच्या आसपास असते, तुमच्या बोटीच्या डिझायनरने तो आकडा धरून हिशोब केलाय.

ती केसासारखी रेघ बघायला डाय पेनिट्रंट वापरा. वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे तीन कॅनचा सेट मिळतो, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. आधी स्वेज एकदम स्वच्छ आणि कोरडा करायचा, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं सोडायचा, मग फडक्याने पुसून काढायचा, क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट स्वेजवर फवारायचा नाही नाहीतर चिरेतला रंगही धुऊन जातो. मग डेव्हलपरचा हलका हात. ओरखडा असेल तर काही नाही, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटून हळूहळू रुंद होत जाते, बघायला अक्षरशः थांबावं लागतं दोन-चार मिनिटं. स्वेज तर तुम्ही बदलणारच, पण तोच सेट चेनप्लेटला (वायर डेकशी जिला जोडतात ती पट्टी), मास्टवरच्या टँगना (वायर अडकवायच्या पट्ट्या) आणि टर्नबकलच्या जॉला (पिन घालायचा दुहेरी कान) वापरा.

खरं तर मला चेनप्लेटबद्दलच लिहायचं होतं. इथे गोव्यात बऱ्याच बोटी बघतो, लोक वायरी नव्या घालतात, पॉलिश केलेले टर्नबकल लावतात, आणि ते सगळं ज्या पट्टीला अडकवतात ती पट्टी डेकच्या जाडीत कुजत असते. चेनप्लेट डेकमधून आरपार जाते ना, तिथे सीलंट सुकतो, पाणी आत मुरतं, आणि परत तोच प्रकार, पाणी आहे हवा नाही. वरून दिसते ती बाजू आरशासारखी आणि केबिनमध्ये दिसते तीही ठीक, मधला दीड-दोन इंच कुणी बघितलेलाच नसतो. चारही काढा, बोल्ट सुद्धा. केबिनमध्ये त्यांच्या खाली तपकिरी डाग असतील तर नक्कीच काढा. भोक उघडं पडलं की डेकच्या गाभ्यातलं लाकूड नखाने खरवडून बघा, काळं-ओलं निघालं तर आधी ते काम, मग रिगिंग.

सोलंटकर

मी साउथॅम्प्टनला असतो, इथे आमच्या बोटीचा मास्ट मागच्या हिवाळ्यात उतरवून सगळं स्टँडिंग रिगिंग (मास्टला धरणाऱ्या कायमच्या वायरी) आम्हीच केलं म्हणून लिहितो. इकडे विमा कंपन्या रिगिंग दहा-बारा वर्षांचं झालं की विचारायला लागतात आणि हा थंड पाण्याचा देश आहे, तुमच्याकडचं ऊन, दमट हवा आणि मीठ बघता मी तेवढं थांबणार नाही. वय माहीत नाही म्हणजे जुनं असंच धरायचं.

पैसे वाचवायचे असतील तर एक सुचवतो. वरची टोकं स्वेजची करून घ्या, चांगल्या रोलर मशीनवर, आणि खालची टोकं मेकॅनिकल टर्मिनलची करा, स्टा-लॉक किंवा नॉर्समन प्रकारची. एकदा विकत घेताना स्वेजपेक्षा महाग पडतात, पण पुढच्या वेळी आतली सुरी (वायर पकडणारा छोटा शंकू) तेवढी बदलायची आणि बाकी टर्मिनल परत वापरायचं. आणि मशीन लागत नाही, दोन पाने (स्पॅनर), एक व्हाइस आणि शांत डोकं पुरे. लांबी पण मास्टपाशीच जुळवता येते, पाच-दहा मिलिमीटरची चूक वर्कशॉपला परत न पाठवता निस्तरता येते.

कसं करतात ते सांगतो कारण इथे सगळे एकाच जागी अडखळतात. वायरला जिथे कापायचंय तिथे टेप गुंडाळून बारीक दातांच्या हॅकसॉने काटकोनात काप. मग सॉकेट (टर्मिनलचा वायरवर बसणारा पोकळ भाग) आधी वायरवर सरकव, हे विसरलं की सगळं उलगडून परत करावं लागतं. आता बाहेरच्या बारा तारा उलगडायच्या, आतला सात तारांचा गाभा तसाच राहू द्यायचा, आणि त्या गाभ्यावर सुरी चढवायची, म्हणजे तो छोटा चिरलेला शंकू. गाभ्याचं टोक सुरीच्या पुढे साधारण दोन मिलिमीटर बाहेर, मापाप्रमाणे बदलतं ते पाकिटातल्या कागदावर बघ. मग बाराही तारा परत तिच्याभोवती सारख्या अंतरावर बसवायच्या. इथे लक्ष दे, सुरीला एक फट असते आणि एखादी तार हमखास त्या फटीत जाऊन बसते. बोटाच्या टोकाने एकेक तार चाचपून बघ, एकीच्या वर दुसरी नको, फटीत एकही नको. सॉकेट वर ओढून घे, दुसऱ्या भागात ती छोटी चकती टाक आणि आवळ. आवळून झालं की परत उघडायचं! आत तारांची टोकं एकसारखी आत वळलेली दिसली पाहिजेत, फुलाच्या पाकळ्या मिटल्यासारखी. तसं दिसलं तरच आत सीलंट भर, आट्यांना थ्रेडलॉक लाव आणि शेवटचं आवळ. सीलंट तोंडातून थोडा बाहेर यायला हवा, म्हणजे आत पाणी साचायला जागाच उरत नाही, बोसनकाकांनी सांगितलेला रोग तिथेच थांबतो.

मचवा_रत्नागिरी

सगळं वाचलं, छान माहिती. पण इतक्या महागात जायची गरज आहे का असं वाटतं. आमच्याकडे ट्रॉलरला वर्षानुवर्षं गॅल्व्हनाइज्ड वायर असते, ग्रीस मारतात, गंजली की बदलतात. आजोबांच्या वेळी तर गलबताच्या डोलकाठीला दोरच असायचे, आणि बाजू बदलली की आधी वाऱ्याच्या अंगाला असलेला दोर सोडून नव्या वाऱ्याच्या बाजूला नेऊन बांधायचे. माल भरून जायचीच की गलबतं. दुसरं म्हणजे आता डायनिमाचा (कृत्रिम धाग्याचा) दोर मिळतो, स्टीलपेक्षा हलका आणि ताकदीला जास्त, घरी स्प्लाइस करता येतो (विणून जोडता येतो). त्याचा विचार का नाही?

बोसन_अलिबाग

तुझा मुद्दा उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. गॅल्व्हनाइज्डचा मोठा गुण म्हणजे ती आधी सांगते, जस्त उडतं, लाल होते, मग कमजोर होते. स्टेनलेस सांगत नाही. मी स्वतः लांबच्या प्रवासाच्या जाड वायरीच्या बोटीला गॅल्व्हनाइज्ड लावायला कधीही तयार आहे. पण या बोटीचे सगळे जॉ, पिना, टँग ५ मिमी स्टेनलेसच्या मापाचे आहेत, तेवढ्या बारीक १×१९ मध्ये गॅल्व्हनाइज्ड सहज मिळत नाही, आणि स्टेनलेसला चिकटून राहिली की तिचं जस्त आधी खाल्लं जातं. गलबताचं म्हणशील तर तिथे डोलकाठीच वेगळी, जाड, खाली पोटात रोवलेली, शिवाय बाजू बदलताना माणसं होती दोर हलवायला. इथे अॅल्युमिनियमची पातळ नळी डेकवर नुसती ठेवलेली आहे, एक कॅप गेला की तिला धरायला काहीच नाही.

सोलंटकर

डायनिमाबद्दल थोडं. चालतं, लोक वापरतात, मलाही आवडतं. पण कायमच्या ताणाखाली तो हळूहळू लांबत राहतो, त्यामुळे तुटण्याच्या ताकदीवर माप काढायचं नाही, लांबण्यावर काढायचं, आणि मग ५ मिमी स्टीलच्या जागी बराच जाड दोर येतो, तो जुन्या जॉमध्ये बसत नाही, सगळे हार्डवेअर बदलावे लागतात. स्प्रेडरच्या टोकाला घासतो, शिवाय तुमचं ऊन. पहिल्या वेळेला स्टील करा. डायनिमाचा एक लांब तुकडा आणि दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्याच कड्या) मात्र बोटीवर कायम ठेवा, वायर गेली तर तात्पुरता श्राउड म्हणून त्याच्याइतकं सोपं काही नाही.

आणि मास्ट पडलाच तर काय याची तयारी पण हवी. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत (एकट्याने जगप्रदक्षिणेची) दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमींच्या थुरिया बोटीचा मास्ट वादळात मोडला, तिथे कारण वेगळं होतं, बोटच उलटली होती. पण पडलेला मास्ट वायरींना लटकून लाटेबरोबर बोटीच्या अंगावर आपटतो ही भीती खाडीतसुद्धा तीच. बोल्टकटरने १×१९ कापणं हलत्या डेकवर फार अवघड जातं. हातोडी आणि पिनेच्या मापाचा पंच जवळ ठेवा, स्प्लिट पिन काढून क्लेव्हिस पिन (वायर अडकवणारी जाड पिन) ठोकून बाहेर काढली की वायर सुटते.

हार्बर_वारा

खूप आभार सगळ्यांचे. डाय मारला, पोर्ट लोअरवरची रेघ चीरच निघाली, पांढऱ्यावर लाल दोरा उमटलेला मित्राने स्वतः बघितला आणि सहाही वायरी बदलायला तो आता माझ्याआधी तयार आहे. चेनप्लेट दोन काढल्यात, एक ठीक, दुसरीला मधल्या भागात खड्डे पडलेत, ती नवीन बनवून घेतोय, ३१६ चीच. लाकूड सुदैवाने कोरडं आहे. आता दोन शंका. नव्या वायरींची लांबी कशी घ्यायची, आणि मास्ट उभा केला की किती आवळायचं? टेन्शन गेज आमच्याकडे नाही.

मांडवीकर

लांबीसाठी जुन्या वायरी टाकू नका. पोर्ट आणि स्टारबोर्डची जोडी एकाच खिळ्याला पिनेने लटकवा, खाली सारखंच वजन बांधा आणि पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. दोन्ही सारख्या यायला हव्यात, नसतील तर कुणीतरी आधी जुगाड केलेलं असतं. टर्नबकल साधारण अर्धा उघडा असताना जुळेल अशी लांबी धरा, नवी वायर सुरुवातीला थोडी बसते. मास्ट खाली आहे तोवर स्प्रेडरची टोकं पण बघा, श्राउडचा वरचा आणि खालचा कोन सारखा पडला पाहिजे, म्हणजे स्प्रेडर किंचित वर उचललेला दिसतो. खाली झुकलेला असेल तर ताण आला की टोक घसरतं. अॅल्युमिनियमवर जिथे जिथे स्टेनलेसचं फिटिंग आहे तिथे पांढरी पूड आणि रंगाखाली फोड दिसले तर स्क्रू काढून मधे ड्युरॅलॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंमधला गंज रोखणारी पेस्ट) लावून परत बसवा.

सोलंटकर

गेज नको, दोन मीटरची सरळ पट्टी पुरते. १×१९ वायरचा एक गुण असा की दोन मीटर लांबीत ती एक मिलिमीटर लांबली की तो तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के ताण असतो, वायर ४ मिमी असो की ५, हिशोब तोच. हाताने आवळून वायर नुसती सरळ झाली की पट्टीचं वरचं टोक वायरला टेपने घट्ट चिकटव, खालचं टोक मोकळं, आणि त्या टोकाशी वायरवर मार्करने खूण कर. मग दोन्ही बाजू आलटून पालटून, एकेक फेरा, सारखे फेरे आवळत जा. खूण पट्टीपासून तीन मिलिमीटर दूर गेली की १५ टक्के झाले, ५ मिमी वायरला म्हणजे साधारण तीनशे किलो. कॅपला सुरुवातीला तेवढं बास. त्याच्याआधी मास्ट मधोमध आहे ना ते बघ, मेन हॅलयार्डचं (शीड वर ओढायच्या दोराचं) टोक एका चेनप्लेटला टेकव, लॉक कर, तेच दुसऱ्या बाजूला टेकतं का बघ. लोअर नंतर, मास्टच्या (शीड चढवायच्या) खाचेतून डोळा लावून वर बघत, मधे कुठे पोट आलं नाही इतपतच. मग मध्यम वाऱ्यात बाहेर जा, बोट वीसेक अंश झुकली की वाऱ्याखालचा (वारा येतो त्याच्या उलट बाजूचा) कॅप हाताने हलवून बघ, सैल होऊन लोंबत असेल तर परत किनाऱ्याशी येऊन दोन्हीकडे थोडं आवळ.

बोसन_अलिबाग

टर्नबकल आवळताना एक सांभाळ. स्टेनलेसच्या आट्या स्टेनलेसमध्ये कोरड्या फिरवल्यास तर मधेच चिकटून बसतात आणि मग करवतच लागते. घेतोस तर ब्राँझच्या बॉडीचे घे, नाहीतर लॅनोलिन लावल्याशिवाय हात लावू नकोस. फोरस्टेला वर आणि खाली दोन्हीकडे टॉगल (सांध्यासारखा हलणारा जोड) हवा, शिडामुळे तो आडवा ओढला जातो, टॉगल नसेल तर तो वाक सरळ टर्मिनलच्या गळ्यात जातो. स्प्लिट पिना सगळ्या नव्या, जुनी सरळ करून परत घालायची नाही, पाय अगदी थोडेच फाकव म्हणजे वेळेला पक्कडीने एका झटक्यात निघेल. टोकांवर सिलिकॉनचा एक थेंब, शीड फाटत नाही. टर्नबकलला अख्खी टेप गुंडाळू नकोस, आत पाणी कोंडतं.

हॅलयार्ड पण याच वेळी बघून टाक, आणि जुना बाहेर ओढायच्या आधी त्याच्या टोकाला बारीक दोरी शिवून घे म्हणजे मास्टच्या आत नव्यासाठी वाट राहील.

हार्बर_वारा

टॉगल फोरस्टेला फक्त खाली आहे, वर नाही. वरचा ऑर्डरमध्ये घातला. टेस्ट सर्टिफिकेटसकट १×१९ वायर मिळाली, खालची टोकं स्टा-लॉकची करतोय, पहिलं टर्मिनल उघडून फोटो इथे टाकेन, तारा नीट वळल्यात का तेवढं सांगा.